पहिली दुर्बीण घेण्यापूर्वी

आमच्या धाकट्याने दोन ईदींचे पैसे साठवले होते. त्याला दुर्बीण हवी होती. आम्हीही फार चौकशी न करता एक आणून दिली. खोक्यावर ‘५०० पट मोठे दिसते’ असे छापलेले होते. भायखळ्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर इशाच्या नमाजनंतर ती लावली, तर चंद्र एका जागी ठरेना. स्टँड इतका हलका की हात लागला की थरथरायचा. आठ दिवसांत पोराने दुर्बीण कपाटावर टाकली. म्हणाला, “अम्मी, मला हे जमणार नाही.” चूक त्याची नव्हती, आमची होती. तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

किती पट मोठे दिसते हे विचारू नका. पुढचे भिंग किंवा आरसा किती रुंद आहे ते विचारा. जितके मिलिमीटर रुंदी, त्याच्या साधारण दुप्पट, एवढीच पट कामाची. म्हणजे ७० मिलिमीटरला फार तर १४०. त्यापुढे चित्र मोठे होते, पण धूसर. नवशिक्याला ७० मिलिमीटरचे भिंग किंवा ११४ ते १३० मिलिमीटरचा आरसा पुष्कळ झाला. स्टँड मात्र भक्कम हवा. दुकानातच टिचकी मारून पाहा. पैसे कमी असतील तर १० बाय ५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या. खेळण्यातल्या दुर्बिणीपेक्षा ती कितीतरी बरी.

मुंबईच्या उजेडातही चंद्रावरची विवरे, गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी दिसतात. चंद्र पाहायला चौदावी रात्र नको, सातवी-आठवी घ्या. तेव्हा सावल्या लांब पडतात आणि विवरे उठून दिसतात. हिजरी कॅलेंडर आपल्या भिंतीवर असतेच! अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात नोंदवलेला देवयानीतला ‘छोटा ढग’ पाहायचा, तर मात्र शहराबाहेर जावे लागेल. खगोल मंडळासारख्या संस्था नेरळ, वांगणीकडे रात्रीचे कार्यक्रम घेतात. तिथे आधी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून पाहा, मग खरेदी करा.

आता सर्वांत महत्त्वाचे. २९ तारखेच्या संध्याकाळी मुले दुर्बीण घेऊन गच्चीवर धावतात. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय, म्हणजे मगरिबची अजान होईपर्यंत, दुर्बीण पश्चिमेकडे वळवू देऊ नका. दुर्बिणीतून सूर्य क्षणभर दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळ्याकडच्या भिंगाला लावायची काळी काच सोबत मिळाली तर फेकून द्या. उष्णतेने ती तडकते.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून दुर्बीण ठेवा.

पुढे आम्ही भक्कम स्टँडची साधी दुर्बीण घेतली. सातव्या चांदरातीला धाकट्याने पहिले विवर पाहिले आणि खाली धावत जाऊन आधी दादीला वर आणले. गुडघे दुखत असूनही त्या तीन मजले चढल्या.