थंडी, जिम आणि आपण पळणारे

थंडी पडली की ग्रुपमधला ठरलेला प्रश्न: "जिम लावू का रे?" माझं उत्तर: लाव, पण ट्रेडमिलसाठी नको.

टोरांटोत रस्त्यावर बर्फ असतो, तिथे ट्रेडमिल ही गरज आहे. पुण्यातली डिसेंबरची पहाट म्हणजे १०-१२ अंश, पळायला वर्षातला सगळ्यात भारी काळ. तो भिंतीकडे बघत घालवायचा?

जिम हवी ती ताकदीसाठी. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतताना येतो, ३५ किलोमीटर पाय कुटून झाल्यावर. गेल्या खेपेला तिथे माझा दम शाबूत होता, पण मांड्यांनीच हात टेकले! पुढचं सगळं चालत. कारण वर्षभर नुसता पळलो होतो.

यंदा आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्क्वॉट, लंजेस आणि टाचा उचलणं. चढावर फरक जाणवतोय. सुरुवात घरीच केली, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरून. ते हलकं वाटायला लागलं तेव्हा जिम लावली, तीही तीनच महिन्यांची. वर्षाची फी भरून फेब्रुवारीत गायब होणारा एक जण मला रोज आरशात दिसतो.

असो. उद्या पहाटे साडेपाचला रस्त्यावर भेटू.