धुके पुसणारे संपादक

साहित्याच्या वर्गात आम्ही एका अनुस्वारासाठी तास खर्ची घालतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली त्यापूर्वीचा पाठ कसा असेल, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अमुक श्लोक तळटीपेत का गेला, हे प्रश्न आम्हांला अजून जिवंत वाटतात, आणि वाटावेतच. मात्र गेल्या चाळीसेक वर्षांत जगभरातल्या कोट्यवधी लोकांचे बालपण ज्या कृतींनी व्यापले, त्या व्हिडिओ गेम्सच्या नव्या आवृत्त्या कशा निघतात याची चौकशी करणे आम्हांला कमीपणाचे वाटते. आमच्या मते ही अभिरुची नव्हे, हा आळस आहे.

एक उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१८मध्ये सोनीने 'प्लेस्टेशन क्लासिक' नावाची छोटी पेटी विक्रीस आणली. १९९४ साली जपानात आलेल्या मूळ प्लेस्टेशनचे ते चिमुकले रूप. आत २० खेळ. जपानबाहेर विकलेल्या पेटीत त्यांपैकी ९ खेळांचे पाठ युरोपीय दूरचित्रवाणीसाठी केलेले होते. तिकडच्या पडद्यावर चित्र सेकंदाला ५० वेळा उमटे, अमेरिकेत आणि जपानात ६० वेळा. त्यामुळे युरोपीय प्रतींत कित्येक खेळ मुळापेक्षा सावकाश चालत. 'टेकन ३' हा द्वंद्वाचा खेळ. त्याचा सारा प्राण क्षणाच्या अंशात. तो या पेटीतून अमेरिकी घरांतही त्या मंद चालीने पोचला. आणि हे खेळ चालवणारा एम्युलेटर? तो हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून सर्वांसाठी खुला ठेवलेलाच होता. म्हणजे मूळ निर्मात्याने आपल्याच ग्रंथासाठी दुय्यम पोथी निवडली आणि ती वाचण्याचा चष्मा ज्यांना एरवी चोर म्हटले जाते त्यांच्या दुनियेतून आणला. एखाद्या ग्रंथ-प्रकाशकाने असे केले असते तर आम्ही परिसंवाद भरवले असते.

'पण ती खेळणी आहेत', हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. खेळणे झिजते, मोडते. त्याला पाठ नसतो. या कृतींना पाठ असतो, आणि तो केवळ संगणकीय संहितेत नसून यंत्र, पडदा आणि हात यांच्या मिळून होतो. १९९१च्या 'सॉनिक द हेजहॉग'मधले धबधबे पाहा. चित्रकारांनी ते उभ्या रेघांनी रेखाटले, कारण तेव्हाच्या टीव्हीला जाणाऱ्या वायरीतून चित्र जरासे विरघळे आणि रेघांचे पारदर्शक पाणी होई. आजच्या स्वच्छ पडद्यावर त्याच रेघा गजांसारख्या उभ्या दिसतात. एक ठिपकाही न बदलता पाठ भ्रष्ट झाला. नाटकाची संहिता आणि प्रयोग यांतला भेद शिकवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

१९९९च्या 'सायलेंट हिल'मधले धुकेही असेच. दूरचे रस्ते नि इमारती एकाच वेळी उभ्या करण्याची ताकद त्या यंत्रात नव्हती. निर्मात्यांनी गावावर धुके पसरले आणि यंत्राची मर्यादा हीच भयाची भाषा झाली. छंदाच्या बंधनातून अर्थ घडतो असे आम्ही काव्याविषयी म्हणतो. ते इथेही तितकेच खरे आहे. पुढे २०१२मध्ये या मालिकेच्या दुसऱ्या व तिसऱ्या भागांची 'एचडी' आवृत्ती निघाली. अंतिम संहिता जपून ठेवलेलीच नव्हती. नव्या चमूच्या हाती अपुरे काम आले. त्यात धुके बिघडले, आणि जे दिसू नये म्हणून ते होते तेच उघडे पडले. 'किंगडम हार्ट्स'ची मूळ सामग्रीही हरवली होती. २०१३च्या आवृत्तीसाठी तिचा बराच भाग पुन्हा घडवावा लागला. पहिला खेळ २००२चा. अकरा वर्षांत हस्तलिखित गहाळ! आमच्या पोथ्यांना वाळवी तरी लागावी लागते.

नजरचुकीच्या दोषांचा नमुना २०२१चा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे तीन जुने खेळ 'डेफिनिटिव्ह एडिशन', म्हणजे जणू निर्णायक आवृत्ती, असे बिरुद लावून निघाले. मूळ खेळात 'टफ नट डोनट्स' या दुकानावर एक भलामोठा षट्कोनी नट होता. नावातला विनोद त्या सहा कोनांतच होता. सफाईच्या भरात कोन घासले गेले आणि नटाचे गुळगुळीत कडे झाले. न समजणारा लेखनिक अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द लिहितो, असा पाठचिकित्सेचा जुना धडा आहे. तो शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. 'सान आन्द्रेआस'मधले धुरकट क्षितिजही पुसले गेले आणि अफाट वाटणारे राज्य परसाएवढे झाले.

तरीही चुकांपेक्षा गंभीर अपराध दुसराच आहे. ही आवृत्ती येण्याआधी मूळ खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून घेण्यात आले. ओरड झाल्यावर प्रकाशकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि संगणकासाठीच्या जुन्या प्रती परत आणल्या. पुढे २०२४मध्ये जुन्या प्रकाशयोजनेची सोयही दिली. पण मूळ वृत्ती लपली नाही. निन्टेन्डोने २०२०मध्ये मारिओचे तीन खेळ एकत्र काढले आणि ३१ मार्च २०२१नंतर त्यांची विक्री ठरवून थांबवली. त्याच कंपनीचे 'वी' यंत्रावरचे दुकान, जिथे २००६पासून जुने खेळ विकत मिळत, जानेवारी २०१९मध्ये बंद झाले. अभिजात म्हणून गौरवायचे आणि टंचाई निर्माण करून विकायचे, यास जतन म्हणत नाहीत.

आमच्या घरांत हे खेळ आले तेच मुळी नकली यंत्रांतून. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला टीव्हीला जोडून, कॅसेटला फुंकर मारून, आमच्यापैकी अनेकांनी 'कॉन्ट्रा' खेळला. तो कोणता पाठ होता हे तेव्हा कोण विचारणार? १९८८च्या जपानी प्रतीत टप्प्यांच्या मध्ये नकाशा होता, झाडे हलत, बर्फ पडे. अमेरिकी प्रतीत हे नव्हते. युरोपात तर माणसांचे यंत्रमानव करून त्याच खेळाला 'प्रोबोटेक्टर' म्हटले गेले. २०१९च्या संग्रहात जपानी आणि अमेरिकी पाठ शेजारी ठेवलेले पाहून आम्हांला जो आनंद झाला तो स्मरणरंजनाचा नव्हता. पाठभेद दिसल्याचा तो आनंद होता.

कोणी म्हणेल, नव्या पिढीला जुने रुचत नाही, बदल हवेतच. अवश्य करावेत. २०१९चा 'रेसिडेंट ईव्हिल २' किंवा २०२४चा 'सायलेंट हिल २' ही उघड रूपांतरे आहेत. मुळाची जागा घेतल्याचा आव आणला नाही तर आमचे त्यांच्याशी भांडण नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घुसडणाऱ्यास इशारा दिला, पण स्वतःचे भागवत स्वतंत्रपणे लिहिलेच. रूपांतर वेगळे, आवृत्ती वेगळी. दोहोंची सरमिसळ करून पैसे घेणे मात्र लबाडी.

आणखी कोणी म्हणेल, मालमत्ता त्यांची, अधिकार त्यांचा. मग परिणामही पाहावा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. बाजारात नसलेले खेळ अभ्यासकांना दुरून पाहता यावेत ही ग्रंथालयांची बाजू अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये नाकारली. विकायचेही नाही आणि वाचूही द्यायचे नाही! फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आज तुटक उरला आहे. ज्यांच्या घरचे हे उदाहरण आहे त्यांनी तरी गप्प बसू नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणती प्रत आधारास घेतली ते सांगा. काय बदलले त्याची यादी द्या. मूळ पाठ नव्याच्या शेजारी ठेवा. हे अशक्य नाही: २०२२च्या 'अटारी ५०'मध्ये शंभराहून अधिक खेळ कालपटावर मांडून त्यांच्यासोबत कागदपत्रे आणि निर्मात्यांच्या मुलाखती दिल्या आहेत. धंदा म्हणून काढलेलीच वस्तू, पण तिच्यात संपादकाचा विवेक आहे.

कंपन्या हे आपणहून करतील या भ्रमात आम्ही नाही. आवृत्तीची पत वाचक आणि समीक्षक ठरवतात, आणि पाठ म्हणजे काय हे ज्यांना येते ते लोक आमच्याच विभागांत बसले आहेत. सुखटणकरांच्या परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी एका षट्कोनी नटाचे कोन मोजायला लाजू नये.