परभृताचा धडा

चैत्र सरत आला की कामतघरात वऱ्हाळादेवी तलावाच्या काठी, यंत्रमागांच्या खडखडाटातूनही कोकिळाचा सूर कानी येतो. आपण वसंताचे कौतुक करतो. त्या सुरामागचा व्यवहार मात्र रोखठोक आहे. नर कावळ्यांना डिवचून घरट्यापासून दूर नेतो आणि मादी तेवढ्यात आपले अंडे कावळिणीच्या अंड्यांत ठेवून पसार होते. तिचे पिल्लू आधी बाहेर येते आणि घासातला मोठा वाटा उचलते. संस्कृतात कोकिळाला परभृत, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, म्हणतात ते उगीच नव्हे. परोपजीवी म्हटले की आपल्याला जंत नि जळवा आठवतात. पण हा गोड गळ्याचा पक्षीही त्यांच्याच पंगतीतला.

कावळ्यासारखा धूर्त पक्षी फसतो कसा? अर्थशास्त्राच्या शिक्षकाला यात मूर्खपणापेक्षा हिशेब दिसतो. परके अंडे ओळखताना चूक झाली तर स्वतःचेच अंडे फेकले जायचे. शिवाय युरोपातील कोकिळेच्या पिल्लाप्रमाणे आपल्याकडचे पिल्लू यजमानाची पिल्ले घरट्याबाहेर लोटत नाही. कावळ्याची काही पिल्ले जगतात. तोटा सोसवतो तेथे प्रतिकार महाग पडतो.

जेथे तोटा सर्वस्वाचा असतो तेथे यजमानच पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातो. सुगरणीच्या कुळातील एका आफ्रिकी पक्ष्यात प्रत्येक मादीची अंडी रंगाठिपक्यांत वेगळी असतात, जणू तिची सहीच. परके अंडे ओळखणाऱ्या माद्यांचीच पिल्ले अधिक जगल्याने ही सही टिकली. हा पक्षी अठराव्या शतकात हिस्पानिओला बेटावर नेला गेला. तेथे त्याच्या घरट्यात अंडी घालणारी कोकिळा नव्हती. दोन शतकांनंतर सहीतले वैविध्य घटल्याचे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. चोर नाही, तेव्हा कुलूपही सैल झाले.

एवढे सगळे सांगण्याचे कारण असे की, 2023 साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. विद्यार्थ्यांवरील ओझे कमी करणे, हे कारण. 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे उत्तर दिले जाते. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्यांनी तो कधी शिकायचा? माझ्या वर्गात बसतात ते हेच विद्यार्थी. ओझे पाठांतराचे असते; कावळ्याच्या घरट्याचे कसले ओझे?

जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा चोच वासून कावळ्याच्या मागे लागलेले कोकिळाचे पिल्लू वर्गाच्या खिडकीतूनही दिसू शकते.