‘खंडन’ कशाला म्हणावे?

‘आरोपांचे खंडन केले’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत इतके रुळले आहे की त्यातली लबाडी कुणाला खुपत नाही. बहुधा संबंधिताने ‘हे खोटे आहे’ एवढेच म्हटलेले असते. इंग्रजीत त्याला ‘डिनाय’ म्हणतात. ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्याने खोटे ठरवणे. ‘रिबट’ म्हणजे प्रतिवाद करणे, मग तो टिको वा न टिको. ‘रिजेक्ट’ म्हणजे फेटाळणे. तेथे कारण देण्याचेही बंधन नाही. ही चारही क्रियापदे समानार्थी म्हणून पाठ करवून घेतली जातात आणि त्यांवर गुणही मिळतात.

मराठीत शब्द नाहीत ही सबब आम्हांला मान्य नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ रचले ते नुसते ‘नाही’ म्हणून नव्हे, तर प्रतिपक्षाच्या व्याख्या एकेक करून तपासून आणि मोडून. ‘डिनाय’साठी तर न्यायालयात ‘नाकबूल’ हा नेमका शब्द आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार, दाव्यातले जे कथन प्रतिवादी कैफियतीत नाकबूल करत नाही ते सर्वसाधारणपणे कबूल धरले जाते. परंतु नाकबूल केल्याने ते खोटे ठरत नाही; ते सिद्ध करण्याची जबाबदारी तेवढी उरते. कोर्टाच्या कारकुनाला कळणारा हा भेद साहित्याच्या पदवीधराला कळू नये?

यावर ठरलेला आक्षेप असा की, इंग्रजीतही ‘रिफ्यूट’ आता सैलपणे वापरला जातो, कोशांनीही तो अर्थ नोंदवला आहे, आणि भाषा बदलतच असते. बदलते, हे खरेच. पण नोंद करणे हे कोशाचे काम. निवड करणे हे लिहिणाऱ्याचे. कार्ल पॉपर यांच्या १९६३ च्या ‘कंजेक्चर्स अँड रिफ्यूटेशन्स’ या ग्रंथनामातील दुसरा शब्द ‘इन्कार’ असा वाचून पाहावा. त्यांच्या विज्ञानविचाराचा कणाच मोडतो.

प्रश्न शब्दशुद्धीचा नाही. नाकारणाऱ्याला ‘खंडन’ बहाल करणारा लेखक पुरावा न पाहताच निकाल देऊन मोकळा होतो. मर्ढेकरांशी केवळ असहमती नोंदवून ‘मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचे खंडन’ असे शीर्षक देणारा प्रबंधही तेच करतो.

तेव्हा समानार्थी शब्दांच्या याद्या पुरेत. विद्यार्थ्यासमोर एक बातमी ठेवावी आणि विचारावे: येथे कुणी काही सिद्ध केले, की नुसती मान हलवली? क्रियापद त्यानंतर निवडावे.