अॅप टाक की!

गच्चीच्या कठड्यापासून समोरच्या कडुनिंबापर्यंत मी दहा मीटर वायर ताणली, तेव्हा केममधल्या मित्रांचं एकमत झालं की याचं डोकं फिरलंय. ‘रेडिओच ऐकायचाय ना? अॅप टाक की!’ शेजारचे तात्या मात्र हळवे झाले. ‘आमच्या टायमाला असाच बिनाका लागायचा बघ.’

माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी तात्यांशी. शॉर्टवेव्हला आठवणींच्या पेटीत बंद करू नका. १९५२मध्ये बा. वि. केसकर हा मराठी माणूस माहिती व नभोवाणी मंत्री झाला. त्यांना सिनेसंगीत हलकं वाटायचं, म्हणून आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपारच झालं. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथे दुसऱ्या महायुद्धातला दणकट ट्रान्समीटर होता आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’. अखेर १९५७मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. तात्यांना गाणी आठवतात. आपण मंत्र्याला हरवलं होतं, हे आठवत नाही.

आता मित्रांशी. अॅपवर तुम्ही काय ऐकलं, किती वेळ ऐकलं, कुठे कंटाळलात, सगळ्याची नोंद होते. शिवाय इंटरनेट एका आदेशाने बंद होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीडमध्ये ते बंद झालंच होतं. शॉर्टवेव्हची लहर वर जाते, आयनांबरातून वळून हजारो किलोमीटरवर उतरते. मध्ये टॉवर नाही, लॉगिन नाही. ही लहरही जॅम करता येते, नाही असं नाही. पण ते काम एका सहीने होत नाही.

‘पण ती सगळी सरकारांचीच भोंगेबाजी ना?’ बरीचशी, हो. म्हणूनच ऐका. चीनच्या केंद्राची बातमी ऐकून काटा बीबीसीवर न्या. तीच घटना दुसऱ्याच तोंडवळ्याने समोर येते. फोन आपल्याला आवडेल तेच पुढे करतो. काट्याला मात्र नावडत्या केंद्रावरूनच पुढे जावं लागतं.

सुरुवात स्वस्तात होते. शॉर्टवेव्ह असलेला जुना ट्रान्झिस्टर शोधा. साध्या वायरचं एक टोक सोलून त्याच्या एरियलला गुंडाळा, दुसरं उंच बांधा. विजेच्या तारांपासून मात्र लांब, आणि ढग गडगडले की वायर काढून ठेवा. एलईडी बल्ब, चार्जर बंद करा, त्यांची खरखर फार. आमच्याकडे लाइट गेली की सगळे वैतागतात, मी गच्चीवर पळतो. अंधार पडताना ३१ मीटर बँडवर, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झमध्ये, काटा अगदी हळू फिरवा. रात्री ४१ मीटरवर या, ७२०० ते ७४५०. पहिल्या दिवशी कदाचित नुसती खरखरच ऐकू येईल. चार संध्याकाळी द्या.

आणि वही ठेवा. तारीख, फ्रिक्वेन्सी, काय ऐकलं, आवाज कसा होता आणि वेळ. वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. हा अहवाल केंद्राला पाठवा. काही केंद्रं अजूनही उत्तरादाखल क्यूएसएल कार्ड पाठवतात.

कार्ड गंमत म्हणून जपा, पण अहवाल गंमत म्हणून लिहू नका. ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण थांबलं. कारण सांगितलं गेलं ते घटत्या श्रोत्यांचं. फोनवर आपण न विचारता मोजले जातो. रेडिओवर ऐकणारा दिसतच नाही, आणि हीच त्याची मोकळीक आहे. पण न दिसणारा माणूस हिशेबात नसतो, आणि एक दिवस केंद्र बंद होतं.

म्हणून कुणी न मागता स्वतःहून लिहायचं: केम, जिल्हा सोलापूर. आवाज पोचतोय. चालू ठेवा.