गॅरेजात जाशील!

मंडळी, मी वर्गात तीस वर्षे एकच धमकी दिली : "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात जाशील!"

सध्या टेक्सासला मुलाकडे आहे. तो इंजिनिअर. रविवारी घरीच पिकअप ट्रकखाली उताणा पडून भंगारातून आणलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवत होता. तुमच्यापैकीच एकजण फोनवर म्हणाले, "एवढा पगार, आणि हे धंदे?"

अहो, या धंद्याला अक्कल लागते! गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, स्टँडवर टेकवायची. बिघडलेल्या गिअरबॉक्सचा चुरा तेल थंड करणाऱ्या नळ्यांत अडकतो. त्या धुतल्या नाहीत तर दुसराही बिघडतो. टॉर्क कन्व्हर्टर हाताने फिरवत पूर्ण आत बसवायचा. मग गिअरबॉक्स इंजिनाला अलगद टेकला पाहिजे. टेकत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढला, तर आतला पंप फुटतो.

जबरदस्ती केली की आतून फुटते, हे मास्तर असून मला कळले नाही. सायकली दुरुस्त करणाऱ्या एका पोराला मी भर वर्गात 'मेकॅनिक' म्हणून हिणवले होते. त्याने शाळाच सोडली. चूक माझी होती.

नातवंडांना ही धमकी देऊ नका. असो.