कडू घासाच्या बाजूने

एक छोटी ॲनिमेशन फिल्म गेली दहा-बारा वर्षं जगभर फिरते आहे. ब्रेने ब्राऊन या अमेरिकी संशोधक बाईंच्या भाषणावर ती 2013 साली बेतली गेली. कोल्हा खड्ड्यात पडला आहे. अस्वल शिडीने खाली उतरतं आणि त्याला सांगतं की इथं कसं वाटतं ते मला ठाऊक आहे, तू एकटा नाहीस. मग वरून एक शिंगवालं जनावर डोकावतं, चुकचुकतं आणि विचारतं, सँडविच हवं का? इथे प्रेक्षक हमखास हसतात. अस्वल म्हणजे एम्पथी, शिंगवालं म्हणजे सिम्पथी. हीच शिकवण आता आपल्याकडच्या समुपदेशनाच्या वर्गांत आणि एचआरवाल्यांच्या प्रशिक्षणांत मराठीतून उतरली आहे. सहानुभूती वरून खाली बघते, दुसऱ्याला बिचारा ठरवते. समानुभूती त्याच्या जागी जाऊन त्याचं दुःख स्वतः भोगते. तेव्हा पहिली टाका, दुसरी धरा.

हा झाला पूर्वपक्ष. माझं मत मात्र शिंगवाल्याला, आणि तेही सँडविचसाठीच.

आपल्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. नाशिकच्या अमरधामहून मंडळी परततात, दारातच पाय धुतात, कडुनिंबाचं पान दाताखाली धरतात. तोवर शेजारच्या बाईने पिठलं-भात आणि भाकऱ्या आणून ठेवलेल्या असतात. पातेल्यावर तिच्या सासूचं नाव कोरलेलं, म्हणजे भांडं नंतर बरोबर घरी यावं. ती जास्त बोलत नाही. भिंतीला टेकून बसलेल्या सुनेला एवढंच म्हणते, ‘‘दोन घास खाऊन घे गं, रात्र काढायचीय.’’ याला कडू घास म्हणतात. त्या बाईचा नवरा हयात आहे, तो बाहेर खुर्च्या मांडतोय. समोरचीच्या पोटात काय कालवलं असेल ते आपल्याला कळणार नाही, हे तिला पक्कं माहीत आहे; म्हणून ती तो विषयच काढत नाही. फिल्मवाले ज्याला हसतात ते सँडविच हेच.

आणि दहाव्याला रामकुंडावर काय होतं? पिंड मांडून मंडळी कावळ्याची वाट बघतात. कावळा झाडावर बसून राहतो, खाली येत नाही. मग चुलते पुढे होऊन हात जोडतात आणि गेलेल्याला मोठ्याने सांगतात, ‘‘पोरीच्या लग्नाचं आम्ही बघू, काळजी करू नको.’’ कावळ्याचं शास्त्र ज्याने त्याने आपापलं ठरवावं, मला त्यात पडायचं नाही. पण तिथं उभं राहून कुणी ‘तुझं दुःख मला जाणवतंय’ असं म्हणत नाही. चारचौघांसमोर जबाबदारी बोलून दाखवतात, आणि पुढे ती टाळली तर ते चारचौघेच विचारतात. माझ्या लेखी सहानुभूती ती ही. तुझं दुःख तुझं आहे, ते मला घेता येणार नाही. त्याच्या भोवतीची कामं मात्र मी उचलतो.

पूर्वपक्षात खरं काही नाही असं नाही. ‘सुटला बिचारा’, ‘निदान पेन्शन तरी आहे’, ‘आमच्या मेहुण्याचं तर याहून वाईट झालं’ ही वाक्यं बोलणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच चहा देऊन परत पाठवावं. फिल्म त्यांची टर उडवते ते ठीकच. पण हा दोष सहानुभूतीचा कसा? बोलायला काही सुचत नसताना तोंड उघडण्याचा तो दोष आहे. समानुभूतीवालेही त्यात मागे नाहीत. ‘मला अगदी कळतंय हं तुला काय होतंय’ असं म्हणून पुढची वीस मिनिटं स्वतःच्या आईचं आजारपण सांगणारी माणसं कुणी पाहिली नाहीत?

पूर्वपक्षाचा सर्वांत वजनदार साक्षीदार आहे दलित साहित्य. तिथं सवर्णांच्या सहानुभूतीला झिडकारून स्वानुभवाची बाजू मांडली गेली, आणि ते झिडकारणं रास्त होतं. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 साली आलं. परगावी राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवणारा माणूस त्या कथेत आहे. पण हा साक्षीदार नीट तपासा, तो उलटतो. ज्याने भोगलं त्यालाच ते ठाऊक, हे म्हणणं खरं असेल तर पहिला बळी समानुभूतीचा जातो. बागुलांची कथा वाचून ‘मी ते जगलो’ म्हणणारा वाचक फुशारकी मारतो आहे. त्याला डोळ्यांत पाणी आणता येईल, मार खाता येणार नाही. मला त्याच्यापेक्षा तो घरमालक जवळचा वाटतो, ज्याने ती कथा वाचलेलीही नाही, पण जो खोली भाड्याने देताना आडनाव न विचारता डिपॉझिट मोजून घेतो.

हा वाद नाशिकने पुस्तकाबाहेरही पाहिला आहे. 2 मार्च 1930 रोजी अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक पंचवटीत आली तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर तुकड्या बसल्या. पहिल्या तुकडीत 125 पुरुष होते आणि 25 स्त्रिया. 9 एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली. भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या दादासाहेबांनी, हा लढा पुढची पाच वर्षं जागता ठेवला. या माणसांची मागणी काय होती? आमच्या जागी येऊन बघा, असं ते म्हणत नव्हते. दार उघडा म्हणत होते. डॉ. आंबेडकरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मंदिरात जाऊन आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत. ही हिंदू मनाची परीक्षा आहे. ती परीक्षा समोरच्याला काय वाटतं याची नव्हतीच, तो काय करतो याची होती.

आता दाराच्या आतल्यांकडे बघू. बाहेर बसलेल्यांना अपमान कसा लागतो हे त्यांना कळत नव्हतं, असं म्हणायची माझी तयारी नाही. चांगलंच कळत होतं. कुठे दुखतं हे ठाऊक असल्याखेरीज नेमकं तिथंच मारता येत नाही. सासुरवास करणारी सासू एकेकाळी स्वतःच सून असते. सुनेच्या जागी काय वाटतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत? दुसऱ्याच्या मनात शिरता येणं ही एक ताकद आहे. ती डॉक्टरकडे असते तशीच ठकाकडेही असते, आणि ती चांगल्यासाठीच वापरली जाईल याची हमी समानुभूतीचे पुरस्कर्ते कुठून आणतात ते कळत नाही.

याच शहरातलं आणखी एक उदाहरण अडचणीचं आहे, पण टाळू नये. इंग्रजी अमलातले नाशिकचे कलेक्टर जॅक्सन संस्कृत जाणत, मराठी बोलत, इथल्या चालीरीतींचा अभ्यास करत. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. इथल्या माणसाचं मन ओळखणारा एवढा साहेब दुसरा नसेल. त्याच साहेबांनी बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी पुढे पाठवलं, आणि कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल बाबारावांना 1909 च्या जूनमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 21 डिसेंबरला विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता, तिथं अनंत कान्हेरेंनी जॅक्सनना गोळ्या घातल्या. त्या हत्येचं समर्थन-निषेध हा इथला विषय नाही. मुद्दा एवढाच की जॅक्सन नाशिककरांना समजून घेत होते, आणि त्यांच्यावर राज्यही करत होते, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. (एम्पथी हा इंग्रजी शब्द टिचनर या मानसशास्त्रज्ञाने जर्मनवरून घडवला, तोही 1909 सालीच. त्याआधी दीडशे वर्षं, 1759 साली, ॲडम स्मिथने नीतिभावनांवर जाडजूड ग्रंथ लिहिला तेव्हा या सगळ्याला सिम्पथी हा एक शब्द पुरला होता.)

कुणी म्हणेल, उदाहरणं जुनी झाली. मग ताजं घेऊ. 2018 च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. त्याने ती रक्कम मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवली. देशभर बातमी झाली, लोक हळहळले, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. तरी आपल्या सगळ्यांची हळहळ त्या एका माणसापाशीच थांबली. बाजारात त्याच्यामागे ट्रॉल्यांची रांग होती. व्यापारी ओंजळभर कांदा उचलून, चोळून परत टाकत होता, भाव पुकारला जात होता, चिठ्ठी हातात पडत होती. त्या प्रत्येकाच्या जागी जाऊन बसायला आपल्याकडे मन उरलं नव्हतं. समानुभूतीला चेहरा लागतो, आणि तो एकावेळी एकच मावतो. शिवाय तो आपल्यासारखा असला तर लवकर ओळखू येतो. म्हणून शहरातल्या गृहिणीच्या पिशवीतला महाग कांदा दिल्लीला चटकन दिसतो.

8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली. हुकूम आदल्या रात्रीचा. सकाळी भरलेली ट्रॉली घेऊन निघालेल्याला तो बाजारातच कळला. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. नंतर आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याने माइक हातात घेऊन शेतकऱ्याची वेदना आपण जाणतो असं सांगितलं, मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे हेही सांगितलं. रांगेतल्या माणसाला या नात्याची गरज नव्हती. त्याला भाव हवा होता, बंदी घालायचीच तर निदान आठ दिवस आधी सूचना हवी होती. एवढं करायला त्याचं काळीज स्वतःच्या छातीत बसवावं लागत नाही.

पुन्हा काळारामाकडे येऊ. आंबेडकरांनी 1934 च्या मार्चमध्ये दादासाहेबांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाचा नाद सोडायला सांगितलं. समाज जागा करण्याचं काम झालं होतं, आता शिक्षण आणि राजकारण. दुसऱ्याचं मन वळण्याची वाट किती काळ बघायची याचा त्यांनी तिथं हिशेब मिटवला. पुढच्या वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. येवला आणि महामार्ग अडवला गेला ते चांदवड, हे शेजारचे तालुके. कांद्याची निर्यातबंदी उठली ती 4 मे 2024 ला, 40 टक्के शुल्कासकट. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान 20 मे रोजी होतं.